वकिलाने काय लिहावे?



वकील हा शब्द आमच्या धंद्यात रोज कानांवर पडतो. लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात काळा कोट घालून पुढची तारीख घेणारा गृहस्थ, एवढाच त्याचा अर्थ मला बरीच वर्षे ठाऊक होता. मी शाळा दहावीत सोडली, टर्नरचे काम शिकलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. वाचनाचा नाद लागला तो एका लांबलेल्या संपात. गेटवर दिवसभर बसायचे आणि करायचे काय, म्हणून कोणी आणून दिलेली पुस्तके वाचू लागलो. त्यात रियासतकार सरदेसाई यांनी निवडलेल्या पेशवे दप्तराचा एक खंड निघाला. तेव्हा कळले की जुन्या पुण्यात वकील म्हणजे परदरबारी नेमलेला सरकारचा माणूस. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे. आज आपण ज्याला राजदूत म्हणतो तो हा.

असे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ ह्या काळात छापले गेले. ते सगळे मी वाचले असे कोणी समजू नये. पण जे वाचले त्यात वकिलांची पत्रे मला सर्वांत जवळची वाटली. कारण उघड आहे. आम्हीही कोणाचे तरी वकीलच आहोत. दोनशे माणसांनी निवडून पाठवायचे, समोरच्या कचेरीत जाऊन बसायचे, तिथे काय शिजते आहे ते ओळखायचे आणि परत येऊन खरे तेच सांगायचे. आणि खरे सांगितले की ज्यांनी पाठवले तेच रागावतात, हाही अनुभव त्यात येतोच.

पेशव्यांच्या वकिलांची पत्रे कशाने भरलेली आहेत? दरबारात कोण आले, कोणाला वस्त्रे मिळाली, कोणाचे कोणाशी बिनसले, फौज कोठे उतरली, किती स्वार, किती तोफा. आणि जोडीला पैशांची चणचण: पुण्याहून खर्च येत नाही, सावकार दाराशी बसला आहे, अब्रू राहत नाही. माणसे हुशार होती, त्यांची नजर तीक्ष्ण होती. पण त्यांना विचारले गेले तेवढेच त्यांनी लिहिले, आणि त्यांना विचारले जाई ते मुख्यतः फौजेचे आणि फितुरीचे. त्या मुलखात माणसे काय करतात, कसे करतात, हे पुण्याला नको होते.

तरी एखादा वकील मधूनच मान वर करतो. १७९३ साली गोविंदराव काळ्यांनी नाना फडणीसांना हैदराबादेहून लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. महादजी शिंद्यांनी दिल्लीत बादशहाकडून जे मिळवले त्याचा आनंद त्यात आहे. अटकेपासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंतचा हा देश कोणाचा, ह्याविषयी त्यांचे मतही त्यात आहे. शाळेच्या पुस्तकांत तेवढाच भाग सांगतात. मला अडवले ते त्याच पत्रातल्या दुसऱ्या एका तक्रारीने. त्यांचा भावार्थ असा, की यवनांकडे बारीकशी गोष्ट घडली तरी तिची तवारीख होते आणि आपल्याकडे आभाळाएवढे काम झाले तरी कोणी त्याचा उच्चारही करीत नाही. पेशवाईच्या ऐन भरात पुण्याचा एक वकील आपल्याच धन्याला सांगतो आहे की आपण लिहीत नाही!

काळ्यांच्या मनात मोठमोठ्या मसलती होत्या. पण त्याच सुमारास खुद्द पुण्याजवळ एक गोष्ट घडली. तिचा आपल्या कोणत्याही बखरकाराने उच्चार केला नाही. ती लिहिली गेली परक्या वकिलाच्या गोटात. तीच आज मला सांगायची आहे.

इंग्रजांचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ साली पुण्यास आला आणि १७९७ पर्यंत राहिला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वकिलात होती. टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम यांची एकी व्हावी ही त्याची मुख्य कामगिरी. १ जून १७९० च्या तहाने ती साधली. ह्या प्रसंगाचे भले मोठे तैलचित्र थॉमस डॅनियल ह्या चित्रकाराने १८०५ साली पुरे केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात दरबार, पेशवे, नाना, मॅलेट सगळे आहेत. मॅलेटने पुण्याहून जी पत्रे पाठवली त्यांचाही एक खंड सरदेसायांनीच १९३६ साली छापून काढला. तो वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आला तो राग. आमच्या घरात बसून हा मनुष्य आमच्या वसुलाचा, सरदारांच्या भांडणांचा, नानांच्या प्रकृतीचा हिशेब मुंबई-कलकत्त्याला कळवतो आहे. ही पाहणी पुढे कशाच्या कामी आली ते आपल्याला माहीत आहे. १८१८ काही आकाशातून पडले नाही.

पण रागावर थांबलो असतो तर पुढचे दिसले नसते. मॅलेटच्या वकिलातीत नुसते कारकून नव्हते. सर्जन होता, चित्रकार होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चितारी त्याने पुण्यात आणवला. नाना फडणीस, सवाई माधवराव आणि महादजी यांच्या ज्या तसबिरी आपण पुस्तकांत पाहतो त्या ह्या वेल्सच्या हातच्या. शनिवारवाड्यात इंग्रजी पद्धतीची चित्रकला शिकवण्याचीही सोय झाली. वेल्सबरोबर गंगाराम तांबट नावाचा पुण्याचाच कारागीर काम करी. त्याने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. मॅलेटने वेरूळवर जो लेख लिहिला तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. गंगारामाची चित्रे आज अमेरिकेत येल येथील संग्रहालयात आहेत. कसब्यातली तांबट आळी आपण सगळे ओळखतो. तिथे उभे राहून गंगारामाचे नाव विचारले तर किती जण सांगतील?

निदान गंगारामाचे नाव तरी राहिले. आता ज्याचे नाव राहिले नाही त्याच्याकडे येऊ.

टिपूवरची ती मोहीम बैलांवर चालली होती. हे मी उगाच म्हणत नाही. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी जाऊन परत फिरला. बैल मेले आणि दाणा संपला हेच त्याचे मोठे कारण, आणि आपल्या अवजड तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा धान्य आणि जनावरे घेऊन भेटल्या तेव्हा त्याच्या लष्कराच्या जिवात जीव आला. लढायांच्या इतिहासात सेनापतींची नावे असतात. तोफ ओढणारा बैल आणि बैल हाकणारा गडी ह्यांच्याशिवाय सेनापती एक कोस पुढे जात नाही, हे ज्याने ट्रान्सपोर्टच्या कामगारांत दिवस काढले आहेत त्याला सांगावे लागत नाही.

अशाच एका बैल हाकणाऱ्याचे नाव कावसजी. इंग्रजी कागदात तो शेतकरी जातीचा मराठा म्हणून नोंदला आहे. इंग्रजी फौजेच्या चाकरीत असता तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. शत्रूच्या रसदीला हात लावणाऱ्यांची हिंमत खचावी म्हणून तेव्हा अशा शिक्षा होत. कावसजी तसाच मुंबईच्या फौजेत परत आला आणि पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिले. हे वाक्य मी दोनदा वाचले. १७९२-९३ साली, कामावर असताना हात गेलेल्या गाडीवानाला पेन्शन! आमच्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. कंपनी दयाळू होती असे मला म्हणायचे नाही. पुढच्या मोहिमेला बैलवाले मिळायला हवेत, हे ती ओळखून होती एवढेच.

वर्षभराहून अधिक काळ कावसजी नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवले. इंग्रजी लेखात त्याची जात वीट करणाऱ्यांची दिली आहे. आपल्याकडे विटा पाडण्याचे कामही कुंभारच करीत, तेव्हा हा गोंधळ समजण्यासारखा आहे.

ह्या कामाची रीत लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकाच्या बुडख्यावर नाकाच्या आकाराने बसवून पाहायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. आम्ही पत्र्याच्या कामात आधी कागदाचा फर्मा कापतो आणि मग पत्र्यावर आखतो, तसेच. त्या रेघेप्रमाणे कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला एक चिंचोळा पट्टा तोडायचा नाही. सगळी खुबी ह्या पट्ट्यात आहे. त्यातून रक्त वाहत राहते आणि कातडी जिवंत राहते. मग ती कातडी पिळा देऊन खाली आणायची, आणि बुडख्याच्या कडेने खाच पाडून तीत तिची कड बसवायची. टाके नाहीत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती घालायच्या. पंचवीस दिवसांच्या सुमारास तो मधला पट्टा कापायचा. तोवर नव्या नाकाने आपल्या जागेचे रक्त घ्यायला सुरुवात केलेली असते.

मेण, काथ, तूप आणि वस्तरा. ह्यातली कोणती वस्तू पुण्याच्या बाजारात मिळत नव्हती?

कंपनीच्या मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले ह्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. क्रूसो हा मॅलेटच्या वकिलातीतला सर्जन. वेल्सने कावसजीची तसबीर काढली. तिच्यावरून ठसा तयार झाला, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकात चित्रासह सगळी हकीकत प्रसिद्ध झाली. युरोपात तेव्हा कापलेल्या नाकाला खात्रीचा इलाज नव्हता. इटलीत तालियाकोत्सी नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात दंडाच्या कातडीचे नाक केले होते, पण ती विद्या मागे पडली होती. सुश्रुतसंहितेत नाक सांधण्याचा विधी आहे हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. सुश्रुताने मात्र गालाची कातडी सांगितली आहे आणि आपला कुंभार कपाळाची घेत होता. म्हणजे त्याच्या हातात पोथीबाहेरचे, कामातून सुधारत आलेले काहीतरी होते.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू ह्या सर्जनने ही हकीकत मनावर घेतली. वीस वर्षे त्याने प्रेतांवर सराव केला. आणि मग त्याने काय केले? पुण्यात राहून आलेल्या माणसाला गाठले. सर चार्ल्स मॅलेट तेव्हा म्हातारा होऊन इंग्लंडात राहत होता. मॅलेटने त्याला सांगितले की ही गोष्ट खरी, ती तिकडे पूर्वापार चालत आली आहे, कुंभारांची जात ती करते, आणि नेहमी नसली तरी बहुधा यशस्वी होते. ऑक्टोबर १८१४ मध्ये कार्प्यूने एका लष्करी अधिकाऱ्यावर पहिली शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचे औषध तेव्हा निघालेले नव्हते. ती यशस्वी झाली. १८१५ च्या जानेवारीत मॅलेट वारला आणि १८१६ साली कार्प्यूचे पुस्तक निघाले. तेथून ही विद्या जर्मनीत गेली, सगळीकडे गेली. प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात आजही पुण्याचे नाव येते, मॅलेटचे येते, कावसजीचे येते. कुंभाराचे येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसवर आमच्या एका सभासदाची तीन बोटे गेली. चौकशीसाठी अपघाताची नोंदवही मागितली. तीत मशीनचा नंबर होता, पाळीची वेळ होती, टोकन नंबर होता. नाव नव्हते. मी तिथल्या साहेबाला विचारले तर तो मनापासून गोंधळला. टोकन नंबरवरून नाव काढता येते की, असे म्हणाला. त्या दिवशी मला कावसजीच्या लेखकाची आठवण झाली. त्यालाही कुंभाराचे नाव न लिहिण्यात काही चुकले असे वाटले नसणार. पण त्याने निदान शस्त्रक्रिया लिहिली. नानांच्या दप्तरात काय लिहिले गेले? मॅलेट संगमावर राहतो, त्याच्याकडे कोण येते-जाते ह्याची बातमी ठेवली गेली. त्याचा डॉक्टर कुंभाराकडे काय पाहायला जातो, हे कोणी विचारले नाही.

आता उलट बाजू पाहू. आपली माणसे विलायतेत गेली तेव्हा त्यांनी काय पाहिले?

रघुनाथरावांनी १७८१ साली हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार रतनजी नावाचा पारशी ह्यांना कंपनी सरकारची मदत मागण्यासाठी लंडनला पाठवले. तिथे हणमंतरावाच्या जेवणाखाण्याचे फार हाल झाले. एडमंड बर्क, हाच पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारा, ह्याला ते पाहवले नाही. त्याने बीकन्सफील्डच्या आपल्या घरी त्यांना नेले आणि झाडे ठेवण्याचे काचेचे घर त्यांना सोवळ्याने स्वयंपाक करायला मोकळे करून दिले. दुसऱ्या वर्षी सालबाईचा तह झाला आणि राघोबादादांचे प्रकरण मिटले. हणमंतराव परत आला तेव्हा समुद्रगमनाच्या दोषासाठी त्याला सोन्याच्या योनीतून पार होण्याचा विधी करावा लागला, असे विल्फर्ड ह्या लेखकाने नोंदले आहे. पार्लमेंट पाहिलेला, बर्कच्या घरी राहिलेला पुण्याचा माणूस परत आल्यावर त्याला आपण विचारले ते एवढेच, की तू शुद्ध आहेस का?

दुसरा माणूस रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांच्या, शिवछत्रपतींच्या दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर कंपनीने कटाचे आरोप ठेवले. मुंबईचा गव्हर्नर कार्नाक १८३९ साली स्वतः साताऱ्यास आला आणि तहाचा भंग केल्याचे कबूल करून ह्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्याने सांगितले. महाराजांनी सही केली नाही. कामावरून काढलेल्या माणसाला माफीनामा लिहून दे, उद्यापासून पाळीवर ये, असे सांगणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. घरी चूल थंड असताना सही न करणारेही पाहिले आहेत. त्यांची किंमत मला ठाऊक आहे. सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून पुढे काशीला नेण्यात आले, आणि त्यांचे गाऱ्हाणे घेऊन रंगो बापूजी विलायतेला गेला. तो १८५३ पर्यंत तिथेच होता.

इंग्रजांचा कारभार आतून कसा चालतो हे त्याच्याइतके त्या काळात क्वचितच कोणा हिंदी माणसाला कळले असेल. साताऱ्यात ‘कंपनी सरकार’ हा एकच शब्द होता. लंडनला गेल्यावर त्याचे तुकडे दिसले. चोवीस डायरेक्टरांचे मंडळ. त्यांच्यावर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल. बाजूला भागीदारांची सभा, जिथे हजार पौंडांच्या भागाला एक मत, आणि दहा हजारांच्या भागाला चार. त्याच्याही वर पार्लमेंट. एकाकडे जावे तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. मालक म्हणतो मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणतो हेड ऑफिसला लिहिले आहे. रंगो बापूजी इंग्रजी शिकला आणि सगळ्या दारांवर गेला. भागीदारांच्या सभेत प्रश्न उपस्थित करवले, निवेदने छापून वाटली. गुलामगिरीविरुद्ध लढलेला जॉर्ज थॉम्सन, पार्लमेंटातला जोसेफ ह्यूम अशी माणसे त्याने आपल्या बाजूला वळवली. साताऱ्यास पूर्वी रेसिडेंट असलेला जॉन ब्रिग्जही साताऱ्याच्या बाजूने बोलला. वकिलाने मुलूख पाहिला म्हणजे तो नेहमी धन्याचीच री ओढतो असे नाही, हे त्याच्या निमित्ताने सांगितले पाहिजे. ब्रिग्जच्या आधी साताऱ्याचा रेसिडेंट होता तो ग्रँट डफ. त्याने तिथले कागद जमवून मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला. गोविंदराव काळ्यांनी तक्रार केली त्याला तेहतीस वर्षे झाली होती, आणि आमची तवारीख लिहिली ती परक्या वकिलाने. तिच्यातल्या चुका दाखवायला नीलकंठ जनार्दन कीर्तने ह्यांच्यासारखा पुण्याचा तरुण निघायला आणखी चाळीस वर्षे लागली.

रंगो बापूजीचे खटले मतांवर हरत राहिले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीत वारले. पुढच्या वर्षी त्यांचे भाऊ वारल्यावर डलहौसीने सातारा खालसा केला. ज्या राजाचा वकील तो राजा गेला, ज्या राज्याचा वकील ते राज्य गेले, तरी हा माणूस आणखी पाच वर्षे लंडनमध्ये निवेदने छापत होता. मला पुष्कळदा वाटते की १८४८ नंतर तो सातारची गादी मागत नव्हता. तुमच्याच कायद्याने, तुमच्याच सभेत, एकदा तरी आमचे ऐकून निकाल द्या, असे तो म्हणत होता. कर्ज डोक्यावर होते. शेवटी कंपनीनेच त्याच्या परतीची सोय केली.

मॅलेट पुण्याहून गेला तो सर होऊन. रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस लंडन सोडून साताऱ्याकडे आला तो तेरा वर्षांचे कागदांचे गठ्ठे आणि एक पक्के झालेले मत घेऊन. १८५७ मध्ये साताऱ्याचा कट उघडकीस आला. ८ सप्टेंबरला साताऱ्यात ज्यांना मृत्युदंड झाला त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजीवर बक्षीस लावले, खेडीपाडी धुंडाळली. तो सापडला नाही, आणि पुढे कोठे, कसा मेला हे इंग्रजांच्या त्या बारकाईने लिहिलेल्या दप्तरांतही लागत नाही.